उन्हाळा सरताना : इटलीतील प्रादेशिक वाइन

इटलीत १५ ऑगस्ट हा मोठ्या सुटीचा दिवस असतो. ‘फेर्रागोस्तो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सणाची मुळे रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळापर्यंत जातात. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि जो तो समुद्रकिनारा किंवा डोंगर गाठतो. त्यानंतरच्या एखाद्या दुपारी पर्वतावर ढग जमतात, तासभर वादळी पाऊस कोसळतो आणि रात्री बऱ्याच दिवसांनी खिडकी लावून घ्यावीशी वाटते. उन्हाळा मोडला, असे मग लोक म्हणू लागतात. दिवसाचे ऊन पूर्वीसारखेच तापत असते; बदललेली असते ती रात्र. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत इटलीतील द्राक्षमळ्यांत आणि जेवणाच्या टेबलावर जे काही घडते, त्याचा या बदललेल्या रात्रीशी निकटचा संबंध आहे.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला शरदऋतू पावसाळ्याच्या पाठोपाठ येतो. तिकडचा शरद उन्हाळ्याला लागूनच येतो. नाशिककडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या व ऑक्टोबरच्या सुमारास करतात आणि घड हिवाळा सरताना तयार होतात. इटलीतील वेल हिवाळ्यात निष्पर्ण होऊन निद्रिस्त राहते, वसंतात फुटते, उन्हाळ्याच्या प्रारंभी फुलते आणि तिची फळे उन्हाळा व शरद यांच्या सांध्यावर पिकतात. द्राक्षांच्या या सुगीला इटालियन भाषेत ‘व्हेन्देम्मिया’ म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे, मद्यपानाकडे पाहण्याची आपली आणि त्यांची दृष्टी भिन्न आहे. इटालियन माणूस वाइनची गणना भाकरी व ऑलिव्ह तेल यांच्या पंक्तीत करतो. ती जेवताना घ्यावयाची, तीही बेताने. १९७०च्या सुमारास तेथे दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन खपत असे. आज हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी झाले आहे. शेतावर कष्ट करणारा माणूस जे पेय अन्न म्हणून घेत असे, ते त्याचा शहरवासी नातू आता निवडून, चाखून घेतो.

ऋतूच्या या सांध्यावर द्राक्षाच्या मण्यात नेमके काय घडते ते पाहू. उन्हाळ्याच्या मध्यावर हिरवा, टणक मणी मऊ पडू लागतो आणि त्याला रंग चढतो. तेव्हापासून त्याच्यात दोन क्रिया परस्परविरुद्ध दिशांनी चालू होतात. पानांत तयार झालेली शर्करा मण्यात साठत जाते आणि आम्लता घटत जाते. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक आणि मॅलिक. यांपैकी टार्टारिक आम्ल बरेचसे टिकून राहते. मॅलिक आम्ल मात्र मण्याच्या श्वसनात खर्ची पडते आणि उष्णता जितकी अधिक तितके ते झपाट्याने संपते. रात्री थंड असल्या म्हणजे हा व्यय मंदावतो. दिवसा साखर भरत राहते, रात्री आम्ल वाचते, आणि सालीतील सुगंधी द्रव्येही जपली जातात. ज्या खोऱ्यात सप्टेंबरच्या दिवसरात्रीच्या उष्णतामानात मोठा फरक असतो, तेथील वाइन एकाच वेळी भरदार आणि तरतरीत का लागते, याचा उलगडा यातून होतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा शास्त्राचा प्रश्न नसून पोटाचा प्रश्न असतो. लवकर तोडले तर वाइन पातळ व आंबट होते; थांबले तर साखर वाढून मद्यार्क चढतो आणि चव जड, निर्जीव होते. शिवाय थांबलेल्या घडावर गारांचा मार बसू शकतो किंवा शरदातल्या पावसाने त्यात कूज शिरू शकते. वर्षभराची कमाई दोनचार दिवसांच्या निर्णयावर टांगलेली असते. मण्यातील साखर मोजण्याची उपकरणे आता सर्वांजवळ आहेत. तरीही मळ्यात हिंडून मणी चघळणे आणि बी करकरीत झाले की नाही ते दातांखाली पाहणे काही सुटलेले नाही.

देश उत्तर-दक्षिण लांब आणि डोंगराळ असल्यामुळे ही सुगी सर्वत्र एकाच वेळी येत नाही. एकट्या सिसिली बेटावर ती सुमारे शंभर दिवस चालते. सखल प्रदेशातील पांढरी द्राक्षे ऑगस्टच्या आरंभीच खुडली जातात, तर एत्ना ज्वालामुखीच्या उतारावर, जेथे काही मळे समुद्रसपाटीपासून जवळजवळ हजार मीटर उंचीवर आहेत, तेथे नेरेल्लो मास्कालेसे या काळ्या द्राक्षाची तोडणी ऑक्टोबरमध्ये होते. याच बेटाच्या आग्नेयेस व्हित्तोरिया हे गाव आहे. १६०७ साली वसलेल्या या गावाभोवती फ्राप्पातो नावाचे द्राक्ष पिकते. त्याची वाइन तांबडी असूनही हलकी असते आणि तिला स्ट्रॉबेरीसारख्या फळांचा वास असतो. नेरो दाव्होला या दणकट द्राक्षाबरोबर तिचे मिश्रण करून ‘चेरास्वोलो दी व्हित्तोरिया’ ही वाइन बनवतात. चेरीच्या फळावरून तिला हे नाव पडले आहे. सप्टेंबरमध्ये हवा अजून गरम असते, पांढरी वाइन पिऊन कंटाळा आलेला असतो आणि भारी तांबडी वाइन सोसवत नाही. अशा वेळी आंबटगोड वांग्यांच्या ‘कापोनाता’बरोबर थंड केलेली फ्राप्पातो फार समर्पक ठरते.

‘थंड केलेली तांबडी वाइन’ हे शब्द वाचून काहींना आश्चर्य वाटेल. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतामानाला घ्यावी हा नियम उत्तर युरोपातील दगडी, गारठलेल्या घरांत जन्मला. तीस अंशांच्या खोलीत तो पाळला तर मद्यार्क तेवढा नाकात शिरतो आणि फळाचा गंध हरवतो. हलकी तांबडी वाइन चौदा ते सोळा अंश सेंटिग्रेडला उत्तम लागते. पांढऱ्या वाइनच्या बाबतीत चूक उलट होते : ती बर्फासारखी गार करून तिची चवच मारून टाकली जाते.

पांढऱ्या वाइनपैकी या दिवसांसाठी मी मार्के प्रदेशाची निवड करीन. मध्य इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील हा प्रदेश प्रवाशांच्या वाटेवर सहसा येत नाही. येथील मुख्य द्राक्ष व्हेर्दिक्कियो. इटालियन भाषेत ‘व्हेर्दे’ म्हणजे हिरवा. पिकल्यावरही या द्राक्षावर आणि त्याच्या वाइनवर हिरवट झाक राहते, म्हणून हे नाव. त्याची दोन माहेरे आहेत. पहिले येसी या गावाभोवतीच्या टेकड्यांत. तेथे आड्रियाटिक समुद्राचा वारा पोचतो. दुसरे मातेलिका. मार्केमधील इतर खोरी पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने उघडी होत जातात; मातेलिकाचे खोरे मात्र डोंगरांच्या दोन समांतर रांगांमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेले आहे. समुद्राची ऊब तेथवर येत नाही. त्यामुळे दिवस तापतात, रात्री गारठतात आणि वर सांगितलेली आम्लाची बचत येथे पुरेपूर होते. येसीची व्हेर्दिक्कियो अधिक मोकळी व मृदू, तर मातेलिकाची अधिक ताठ आणि धारदार असते. दोहोंच्या घोटाअखेर कडू बदामासारखी किंचित कडवट चव जिभेवर रेंगाळते. आन्कोना बंदरातील कोळी परंपरेने तेरा जातींचे मासे घालून ‘ब्रोदेत्तो’ नावाचे कालवण करतात. त्यातील टोमॅटो व सिर्क्याच्या आंबटपणापुढे बहुतेक पांढऱ्या वाइन फिक्या पडतात, ही पडत नाही.

या वाइनला तिच्या बाटलीने नाव मिळवून दिले आणि त्याच बाटलीने तिला अडचणीतही आणले. १९५३ मध्ये आंतोनियो मायोक्की या वास्तुशिल्पज्ञाने तिच्यासाठी प्राचीन रांजणाच्या घाटाची, कंबरेत निमुळती हिरवी बाटली तयार केली. ती जगभर गेली. पण बाटलीच लोकांच्या लक्षात राहिली आणि आतील वाइन ही पर्यटकांनी उपाहारगृहात मागवायची स्वस्त चीज ठरली. वास्तविक चांगली व्हेर्दिक्कियो दहा वर्षेही टिकते, आणि टिकता टिकता सुधारते. हे पटवून देण्यासाठी मार्केच्या उत्पादकांना साध्या, सरळ बाटलीकडे वळावे लागले.

त्याच प्रदेशाच्या दक्षिणेस, आब्रुझ्झोच्या सीमेकडे, पेकोरिनो हे द्राक्ष आहे. ‘पेकोरा’ म्हणजे मेंढी. उन्हाळाभर डोंगरावर चरलेले कळप सप्टेंबरमध्ये खाली उतरत, तेव्हा वाटेवरच्या मळ्यांतील लवकर पिकलेली ही गोड द्राक्षे मेंढ्या आवडीने खात, असे परंपरा सांगते. पण या वेलीला घड थोडे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक उत्पन्नाच्या वाणांपुढे ती मागे पडली आणि जवळजवळ नाहीशी झाली. १९८०च्या दशकात ग्विदो कोच्ची ग्रिफोनी या शेतकऱ्याने आर्क्वाता देल त्रोन्तो या डोंगरी गावाजवळच्या जुन्या मळ्यात उरलेल्या वेली शोधून त्यांच्या काड्या आणल्या आणि आपल्या शेतात वाढवल्या. आज पेकोरिनोची वाइन इटलीत सर्वत्र मिळते. एका माणसाने त्या काड्या आणल्या नसत्या तर या परिच्छेदात लिहिण्यासारखे काही उरले नसते. इटलीत शेकडो स्थानिक वाण आहेत असे अभिमानाने सांगितले जाते. त्यांतील कितीतरी असेच थोडक्यात वाचलेले आहेत.

आता एमिलियाकडे वळू. पो नदीच्या विस्तीर्ण मैदानातील मोदेना हे शहर, आणि त्याच्या परिसरातील वाइन लाम्ब्रुस्को. ही तांबडी आणि फेसाळ असते. आपल्या मनात फेसाची सांगड पांढऱ्या वाइनशी असल्याने ती प्रथम पाहणारा चकित होतो. हा फेस मुळात ऋतूची करणी होती. शरदात गाळलेला रस आंबत असतानाच थंडी पडे आणि किण्वन अर्ध्यावर थांबे. वसंतात हवा ऊबदार होताच बाटलीतील उरलेली साखर पुन्हा आंबू लागे आणि निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाटलीतच कोंडला जाई. पुढे फेदेरिको मार्तिनोत्ती याने बंद टाकीत हे दुसरे किण्वन घडवण्याची पद्धत काढून १८९५ मध्ये तिचे एकस्व घेतले. आज बहुतेक लाम्ब्रुस्को अशा टाकीतून येते. काहीजण मात्र पुन्हा बाटलीकडे वळले आहेत.

लाम्ब्रुस्को हे एकाच द्राक्षाचे नाव नसून ते एक मोठे कुटुंब आहे. सालामिनोचा घड लहानशा सालामीसारखा लांबोडका असतो. ग्रास्पारोस्सा म्हणजे तांबडी देठी. शरदात या वेलीच्या घडाची देठीच नव्हे तर पानेही लालभडक होतात आणि कास्तेल्व्हेत्रोच्या टेकड्या दुरून पेटल्यासारख्या दिसतात. सोर्बाराचे वैशिष्ट्य निराळेच आहे. तिच्या फुलांतील पुंकेसर खाली वळलेले असून त्यांचा पराग निकामी असतो. म्हणजे व्यवहारात हे फूल केवळ मादीच. म्हणून तिच्या शेजारी परागासाठी सालामिनोच्या ओळी लावाव्या लागतात. इतके करूनही पुष्कळ मणी बारीक राहतात. पण जे पिकतात त्यांच्यातून गुलाबी रंगाची, जांभळ्या फुलांच्या वासाची आणि दात आंबवील अशी वाइन निघते. मोदेनाच्या स्वयंपाकात डुकराचे मांस, चरबीत तळलेल्या पुऱ्या आणि पार्मिजानो चीज यांची रेलचेल असते. वाइनचे आम्ल आणि बुडबुडे ही चरबी जिभेवरून धुऊन काढतात. लाम्ब्रुस्को एकटी, जेवणाविना प्यायली तर ती उथळ वाटण्याचा संभव आहे. तिला तिच्या ताटाबरोबरच पारखावी.

१९७०च्या व १९८०च्या दशकांत अमेरिकेत लाम्ब्रुस्कोची प्रचंड निर्यात झाली. पण ती गोड, पेयासारखी बनवलेली होती, आणि तीच खरी असा समज जगात पसरला. स्वस्त मालाच्या या शर्यतीचा दुष्परिणाम इतरत्र याहून भीषण रूपात दिसला. १९८६ मध्ये इटलीत काही स्वस्त वाइनमध्ये मद्यार्क वाढवण्यासाठी मेथिल अल्कोहोल मिसळल्याचे उघडकीस आले. वीसहून अधिक माणसे दगावली, काहींची दृष्टी गेली आणि निर्यात कोसळली. वास्तविक उगमस्थानानुसार वाइनला संरक्षण देणारा कायदा १९६३ मध्येच झाला होता. तस्कनीतील व्हेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो ही १९६६ मध्ये त्याखाली नोंदली गेलेली पहिली वाइन. बाटलीवरील ‘डी. ओ. सी.’ ही अक्षरे त्याच कायद्यातील आहेत : अमुक प्रदेश, अमुक द्राक्षे, एकरी उत्पन्नाची अमुक मर्यादा. परंतु कायदा असूनही राहिलेली कसर १९८६च्या धक्क्यानंतर भरून निघू लागली. थोडे पिकवावे, स्वतः बाटलीत भरावे आणि गावाचे नाव राखावे, हा विचार त्यानंतर बळावला.

उत्तरेला, आल्प्सच्या कुशीतील दक्षिण तिरोल हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. तेथील बहुसंख्य लोक आजही जर्मन बोलतात; त्यामुळे बोल्झानो शहराला बोत्सेन आणि स्कियावा या द्राक्षाला फेर्नाच अशी दुसरी नावे आहेत. येथील वेली परंपरेने लाकडी मांडवावर चढवतात आणि घड खाली लोंबत राहतात. नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला हे दृश्य परके वाटणार नाही. स्कियावाची वाइन फिकट माणिकरंगी, कमी तुरट आणि पिण्यास अगदी सुलभ असते. चार दशकांपूर्वी या प्रांतातील निम्म्याहून अधिक द्राक्षक्षेत्र तिच्याखाली होते. भरघोस पीक काढून ती मोठमोठ्या बाटल्यांतून स्वस्तात विकली जाई. साहजिकच तिची पत घसरली, मांडव मोडून तेथे किफायतशीर पांढऱ्या जाती लावल्या गेल्या आणि आता तिच्याकडे जेमतेम दशांश क्षेत्र उरले आहे. जे उरले त्यात उतारावरच्या जुन्या वेली पुष्कळ आहेत, आणि सांता माद्दालेना टेकडीवरची आजची स्कियावा चाखणाऱ्याला तिच्या पडत्या काळाची कल्पनाही येणार नाही.

या प्रांतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘ट्योर्गेलेन’ नावाची प्रथा पाळतात. द्राक्षे पिळण्याच्या चरकाला तिकडे ‘टोर्गल’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. रंग बदललेल्या जंगलातून दिवसभर चालत जावयाचे आणि संध्याकाळी एखाद्या शेतघरात लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसून नवी वाइन, धुरावलेले मांस, आंबवलेली कोबी आणि शेवटी भाजलेले चेस्टनट यांचा आस्वाद घ्यावयाचा. आता पर्यटकांमुळे त्याला जत्रेचे रूप आले आहे खरे; पण गरम चेस्टनटची साल सोलता सोलता घेतलेला स्कियावाचा घोट अजूनही ठसक्यात उतरतो.

रोमजवळच्या मारिनो गावी १९२५ पासून ऑक्टोबरच्या आरंभी द्राक्षोत्सव भरतो आणि चौकातील कारंज्यातून पाण्याऐवजी पांढरी वाइन वाहते. ती उत्कृष्ट असते असे नाही, पण गर्दी काही दर्जा पाहायला जमत नाही. पीडमाँटमध्ये मात्र हे दिवस वाट पाहण्याचे असतात. तेथील नेब्बियोलो हे द्राक्ष ऑक्टोबरच्या धुक्यात पिकते. ‘नेब्बिया’ म्हणजे धुके, आणि त्यावरूनच हे नाव आले असे बहुधा मानतात. त्यापासून होणारी बारोलो तीन वर्षांहून अधिक काळ मुरवल्याशिवाय बाहेर येत नाही. दरम्यान घरोघरी दोल्चेत्तो पितात. नावाचा अर्थ ‘लहानशी गोड’ असा असला तरी ही वाइन गोड नसते. नेब्बियोलोच्या कितीतरी आधी पिकणारे हे द्राक्ष पूर्वी मुख्यतः उंच, गार जागी लावत.

पूर्वी असे म्हणण्याचे कारण आहे. उष्णतामान वाढत चालल्यामुळे अनेक ठिकाणी तोडणी गेल्या चार दशकांत दोन आठवड्यांच्या आसपास अलीकडे आली आहे. जी द्राक्षे सप्टेंबरच्या गार रात्रींत पिकत, ती आता ऑगस्टच्या गरम रात्रींत पिकतात. साखर भराभर चढते, आम्ल टिकत नाही. जेथे पीडमाँटचा शेतकरी एकेकाळी नेब्बियोलो पिकेल की नाही या चिंतेत असे, तेथे आता मद्यार्क आवरावा कसा ही चिंता आहे. कोणी मळे वर डोंगरात नेत आहेत, कोणी घडांवर पानांची सावली राखून ठेवत आहेत, कोणी रात्री दिव्यांच्या उजेडात तोडणी करतात. पावसाचाही भरवसा उरलेला नाही. २०२२ मध्ये पो नदी कोरडी पडण्याच्या बेतात होती. २०२३च्या ओल्या वसंतात केवडा रोगाने मध्य व दक्षिण इटलीतील मळे इतके ग्रासले, की देशाचे वाइनचे उत्पादन सुमारे ३८० कोटी लिटरपर्यंत खाली आले. त्यापूर्वी इतके कमी पीक दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत झाले होते. अशा वेळी व्हेर्दिक्कियो, सोर्बारा, नेरेल्लो यांसारखे मुळात आंबट वाण मोलाचे ठरत आहेत. एका पिढीने ‘फार आंबट’ म्हणून ज्यांना नाके मुरडली, त्यांच्याकडेच पुढची पिढी आशेने पाहत आहे.

सुगीची अखेर होते ती नव्या वाइनने. ‘नोव्हेल्लो’ या वाइनसाठी अखंड घड कार्बन डाय-ऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. मण्याच्या आतल्या आतच किण्वन सुरू होते. रंग आणि फळाचा गंध उतरतो, तुरटपणा मात्र फारसा येत नाही. ती ३० ऑक्टोबरपासून विकता येते आणि काही महिन्यांत संपवावी लागते. तिची टूम आता बरीच ओसरली आहे.

त्याहून जुना दिवस ११ नोव्हेंबर, संत मार्तिनोचा. या सुमारास थंडी मध्येच मागे हटून तीनचार दिवस ऊन पडते; त्याला सान मार्तिनोचा उन्हाळा म्हणतात. पिंपांतील रस या दिवशी वाइन झाला असे मानून ती प्रथम उघडतात. पण शेतकऱ्याच्या लेखी या तारखेला दुसराही अर्थ होता. अर्धेलीने शेती करणाऱ्या कुळांचे करार याच दिवशी संपत. जमीनमालकाने करार पुढे चालवला नाही, तर ज्या वेली आपण छाटल्या आणि ज्यांची द्राक्षे आपणच पिळली, त्या मागे टाकून सारे कुटुंब बैलगाडीवर भांडीकुंडी लादून दुसऱ्या शेताकडे निघे. अर्धेलीचे नवे करार १९६४च्या कायद्याने बंद केले आणि उरलेलेही १९८२ नंतर संपुष्टात येत गेले. एमिलियात मात्र एखाद्याने बिऱ्हाड हलवले, मग तो महिना कोणताही असो, तर तो ‘सान मार्तिनो करतो आहे’ असेच लोक अजून म्हणतात.